वडूजच्या कॅसेटचा स्वच्छ आवाज

५ जानेवारी २०२५, रविवार.
मी, नानासो गणू खराडे, वय वर्षे ७४, शिक्षण इयत्ता चौथी (त्या काळची), धंदा शेती, गावच्या भजनी मंडळाचा अध्यक्ष व पखवाजवादक, तालुका शिराळा, जिल्हा सांगली, या वहीत खरे तेच लिहीन. वही माझ्यापुरती आहे. दुसऱ्या कोणी वाचल्यास तो त्याचा गुन्हा.

मंडळाला पन्नास वर्षे होत आहेत. २ फेब्रुवारीस समारंभ. सभासद अर्जुना माने व गुंडा सुतार यांचे म्हणणे असे की, सत्काराचा पहिला नारळ भाऊसो थोराताला द्यावा. मी हरकत घेतली. १९८८ साली वडूजच्या भजन स्पर्धेत शेवटच्या अभंगाला ताल तुटला आणि आमचा पहिला नंबर गेला, तो भाऊसोमुळे. पेटीवर तोच होता. हे मी त्याला परतीच्या ट्रकमध्ये सर्वांसमक्ष सुनावले. त्या दिवसापासून त्याने पेटीला हात लावलेला नाही व मंडळाची पायरी चढलेली नाही. यावरून त्याला चूक मान्य आहे, असा अर्थ मी घेतो.

अर्जुना म्हणाला, "नाना, सदतीस वर्सं झाली. कोण चुकलं आन कोण न्हाई, आता कुणाला ठावं?"
मला ठाऊक आहे. पुरावाही आहे. त्या स्पर्धेची कॅसेट माझ्या ट्रंकेत आहे. माझ्या टेपरेकॉर्डरवर सगळे एकात एक कालवून ऐकू येते, हा यंत्राचा दोष. परंतु चिरंजीव वीरधवल (हवालदार, सध्या पठाणकोट) याने दिवाळीच्या रजेत होम थिएटर आणून ठेवले आहे. ठरविले: २६ तारखेस भाऊसोसह सर्वांना घरी बोलावून कॅसेट त्यावर ऐकविणे. निमंत्रणे आजच धाडली.

७ जानेवारी.
होम थिएटरच्या मुख्य डब्याची, म्हणजे रिसीव्हरची, पुस्तिका इंग्रजीत. चित्रे पुरेशी आहेत. माझा टेपरेकॉर्डर त्याला जोडला. पाच स्पीकरपैकी दोन कपाटावर, एक खाटेखाली, एक देव्हाऱ्याशेजारी, एक खिडकीत बसविला. रिमोटवर आवाजाचे चौदा प्रकार आहेत. त्यांपैकी "हॉल" हा निवडला, कारण स्पर्धा हॉलमध्ये होती.
सूनबाई क्रांती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, सगळी हिरीत पडून भजन म्हणत्यात जणू." सूनबाई बी. ए. आहे. त्यामुळे तिच्या मताला किंमत देता येत नाही.

९ जानेवारी.
आवाज घुमतो. दोष भिंतींचा. चारही भिंतींना घरातील वाकळा टांगल्या.
सौ. धोंडुबाई म्हणाली, "थंडीचं दिस, आन वाकळा भिंतीला. आमी रिसीव्हर पांघरून निजू व्हय?" तिला कलेची जाण नाही. बावन्न वर्षांत मी हे वेळोवेळी निदर्शनास आणले आहे.

११ जानेवारी, दुपार.
रिसीव्हरसोबत एक छोटा माईक आहे. तो कानाच्या उंचीवर धरून बसावयाचे. यंत्र स्वतः पाच मिनिटे टूं-टूं करून खोलीचे माप घेते. त्या काळात पूर्ण शांतता हवी. घरात तशी ताकीद दिली. पहिल्या वेळेस धोंडुबाई खोकली. दुसऱ्या वेळेस उसाचा ट्रॅक्टर, त्यावर कर्णकर्कश गाणी. तिसऱ्या वेळेसही तेच. चौथ्या वेळेस मी काठी घेऊन रस्त्यात उभा राहिलो.
ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा की. कारखाना तुमच्या टूं-टूंसाठी थांबतोय काय?" त्याला टूं-टूं कशी कळली? घरातून फितुरी झाली आहे.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ घेतला. गोड बोलण्याचे बंधन स्वीकारले नाही.
शिराळ्याहून पप्पू यास बोलाविले. लग्नाकार्यात मंडप व स्पीकर लावतो, वय पन्नास, पँटमध्ये शर्ट न खोचणारा इसम. वाकळा बघून तो दारातच हसला. नंतर कॅसेटचा चांगला डेक जोडला, एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी मी उलट लावल्या होत्या त्या सरळ केल्या, तीन स्पीकर बंद केले, उरलेले दोन समोर कानाच्या उंचीवर मांडले आणि माझा "हॉल" काढून "डायरेक्ट" लावले.
म्हणाला, "नाना, यंत्राला शानपना करू द्यायचा न्हाई. जे टेपात हाय, तेच भाईर येऊ द्यायचं."
हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.
आवाज स्वच्छ आला, हे नमूद करणे भाग आहे. वडूजला दोन माईक होते; त्यामुळे डाव्या स्पीकरात पखवाज, उजव्यात पेटी, असे वेगवेगळे ऐकू येते. शेवटच्या अभंगाला डावीकडे काहीतरी अडखळते.
डावा स्पीकर सदोष आहे.

१६ जानेवारी.
दोन्ही स्पीकरांच्या वायरींची अदलाबदल केली. अडखळणे आता उजवीकडे येते. उजवीकडे पेटी, पेटीवर भाऊसो. प्रकरण सिद्ध झाले.
फोनवर पप्पूला कळविले. तो म्हणाला, "नाना, वायर बदलल्यावर पखवाजबी तिकडंच गेला की." मुद्दा तांत्रिक आहे, त्याच्या आवाक्याबाहेरचा. तरीही वायरी पूर्ववत केल्या. कोणी बोट दाखवू नये.

१९ जानेवारी.
महत्त्वाचा शोध. ताल तुटल्यावर क्षणभर सगळे थांबतात. त्या जागी खरखरीमागे कोणीतरी पुटपुटते. शब्द लागत नाहीत. भाऊसोच असणार. मनुष्य चुकला की पुटपुटतोच. शब्द स्पष्ट झाले तर कबुलीजबाबच हाती येईल.
पप्पूस हुकूम दिला: बाकी काही न झाले तरी चालेल, ते पुटपुटणे स्वच्छ झाले पाहिजे. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आले पाहिजे.

२३ जानेवारी.
पप्पू आला. डेकचे हेड, ज्यावरून टेप घासत जाते ते, स्पिरिटने पुसले. बारीक स्क्रू फिरवून ते सरळ केले. मग हेडफोन कानाला लावून ती जागा ऐकली. दोनदा ऐकली. हेडफोन काढून बराच वेळ वायर गुंडाळत बसला.
म्हणाला, "नाना, एकडाव तुमी एकटं ऐका. मग बोलवायचं त्याला बोलवा."
पंचांआधी पुरावा ऐकणे नियमाला धरून नाही, असे मी सांगितले. त्याने तीच विनंती आणखी दोनदा केली. शेवटी म्हणाला, "टेप खराब झाली म्हनून सांगू का लोकास्नी?" भाऊसोच्या बाजूने त्याला वळविलेले दिसते. डेक व कॅसेट माझ्या कपाटात कुलूपबंद केली. किल्ली करगोट्याला.

२५ जानेवारी.
भाऊसोने निरोप धाडला, "येतो म्हनावं." सबब सांगितली नाही. निर्ढावलेला आहे.
ठरविले: कबुली ऐकविल्यावर मी त्याला एकही वावगा शब्द बोलणार नाही. फक्त बघणार. सायंकाळी आरशासमोर सराव केला.

२६ जानेवारी, झेंडावंदनानंतर.
भाऊसो काठी टेकत आला. सदतीस वर्षांनी माझा उंबरा ओलांडला. मी "बसा" म्हणालो. रिमोट माझ्या हाती होता.

आवाज उत्तम लागला. पखवाजाच्या पुडीवरची शाईसुद्धा बोटांखाली ऐकू येत होती. शेवटच्या अभंगाला डाव्या स्पीकरमधला पखवाज अर्धी मात्रा पुढे पळाला. टाळ गडबडले, थांबले. त्या शांततेत त्याच डाव्या स्पीकरमधून एक इसम म्हणाला, "भाऊसो, माझा हात चुकला रं. सांभाळून घे."
उजवीकडून उत्तर आले, "तू वाजव. मी धरतो."
मग पेटीने एकच सूर धरून ठेवला, पखवाज समेवर येईपर्यंत. पुष्कळ वेळ धरून ठेवला.

असे बोलल्याचे मला स्मरत नाही.

रिमोटचे बटण दाबले ते चुकीचे दाबले गेले. तोच भाग पुन्हा वाजला.
सदर आवाज कोणाचा, हे कशावरून ठरवायचे, असा प्रश्न मी सभेपुढे ठेवला. धोंडुबाई चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आवं, तुमचाच की. बावन्न वर्सं ऐकत्ये. 'सांभाळून घे' तेवढं पैल्यांदा ऐकलं."
कोणी हसले नाही. हसले असते तर मला बोलता आले असते.

भाऊसोने चहा संपविला. तो काय बोलेल, याची मी वाट पाहत होतो. उत्तरे तयार होती. तो एवढेच म्हणाला, "नानासो, आवाज लय निर्मळ लागलाय. कुनी लावला?"
मी लावला, असे सांगावे लागले.

पहिला नारळ भाऊसो थोरात यांना, अध्यक्षांच्या हस्ते, असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात माझे मत धरले आहे काय, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

समक्ष हजर: अर्जुना माने, गुंडा सुतार, पप्पू स्पीकरवाला, सूनबाई क्रांती, सौ. धोंडुबाई, आणि भाऊसो थोरात. मी, नानासो गणू खराडे, तेव्हा वडूज येथे व आज येथे, दोन्ही वेळेस हजर होतो, हे नाकारता येत नाही.