वजा परका आवाज

सोमवार, ३ मार्च

प्रयोगशाळेच्या बाईंनी दादाचा आलेख बदललाय. आज डोळ्यांनी पाहिलं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा आवाज कानावर पडला की दादाच्या मेंदूतल्या रक्ताची रेघ वर जात होती. आज तीच नोंद, तीच मेंदूतलं रक्त मोजणारी टोपी, तिच्यातले तेच दिवे — आणि रेघ सपाट! टोपी मी बसवली होती. केस बाजूला सारून, एकेक दिवा कातडीला टेकवून, पाऊण तास. माझ्या कामात खोट नाही. मग रेघ गेली कुठे?

झटका आल्यापासून आठ महिने दादा बोललेला नाही. तो माणसं ओळखतो असं दिसलं तर उपचार चालू राहतील. नाहीतर शनिवारी त्याला शुश्रूषागृहात हलवणार. तिथे नुसतं पडून राहायचं.

मंगळवार, ४ मार्च

बाईंच्या वहीत लिहिलंय, 'डोकं हललं ते तुकडे गाळले.' गाळले म्हणजे चहासारखे गाळून घेतले, की टाकून दिले? विचारलं. म्हणाल्या, "टाकून दिले. काका, तुम्ही टोपीचं बघा ना."

टोपीचं बघा! बाई शाळेत जात होत्या तेव्हापासून मी यंत्रं उघडतोय. पदवी नाही, एवढंच.

बुधवार, ५ मार्च

टाकलेले तुकडे परत घातले. तरी सपाट. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरतंय.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं. आधी वहिनींचा आवाज शांततेशी ताडून पाहिला होता. आता बाई त्यातून 'परका आवाज' वजा करतात. का, तर म्हणे कुठलाही आवाज कानावर पडला की मेंदू थोडा जागा होतोच; ओळख दिसायची तर अनोळखी माणसाचा वजा करायलाच हवा. बोलणं बिनतोड. म्हणूनच जास्त संशय येतो. निकाल आधी ठरवून आकडे मागून जुळवणारे काही कमी पाहिले नाहीत मी.

वहिनींचा फोन. "भावजी, तुम्ही तिथे आहात म्हणून मी निर्धास्त आहे." मी वायरींबद्दल काहीतरी बोललो आणि ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

दोन्ही रेघा वेगवेगळ्या काढल्या. वहिनींची वर. परक्याचीही वर — तेवढीच! बाकी एकतीस रुग्णांत परक्याची रेघ जेमतेम उठते. मग एकट्या दादाचीच कशी? फायली बदलल्यात, दुसरं काय! उद्या सकाळी बाईंसमोरच परक्या आवाजाची फाईल वाजवणार. बघू काय तोंड करतात.

शनिवार, ८ मार्च

वाजवली. 'टेबलावर निळी बाटली आहे. खिडकी उघडी आहे.' स्वच्छ, सावकाश.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "काका, हे तुम्हीच वाचताय ना?"

नऊ वर्षांपूर्वी वाचलं होतं. सगळ्या रुग्णांसाठी, एकदाच. सगळ्यांना मी परकाच.

दादाला नाही.