गर्टीच्या इंजिनची खासगी बाब

सोमवार, ३ मार्च

जप्तीवाल्या बेलीफचं पत्र आलं. लाल अक्षरांत. गुरुवारपर्यंत पार्किंगचा दंड भरा, नाहीतर माणूस घरी येऊन गाडी उचलून नेईल.

म्हणे नऊ ऑगस्टला माझी जुनी मॉरिस, म्हणजे गर्टी, कॉकल्सबीला समुद्रावर लाइफबोटीच्या गेटसमोर उभी होती. धादांत खोटं! कॉकल्सबी इथून ऐंशी मैल. गर्टी त्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये होती. गेली सहा वर्षं तिथेच आहे, कारण तिचं इंजिन तूर्तास बाहेर काढलेलं आहे. बाकावर, जुन्या चादरीखाली. कॅमेऱ्याने कुणाचा तरी नंबर माझा म्हणून टिपला.

कॉकल्सबीच्या कौन्सिलला मी तीन पत्रं लिहिली. एकूण अकरा पानं. सुरुवात आठशे वर्षांपूर्वीच्या मॅग्ना कार्टा सनदेपासून. उत्तर एका ओळीचं: पुरावा जोडलेला नाही.

डोरीन म्हणते, अरे बाबा, गाडीला इंजिनच नाही एवढं एक वाक्य लिही ना. ऑक्टोबरपासून हेच टुमणं. तेहतीस वर्षं संसार करूनही बाईला तत्त्व म्हणजे काय ते कळलं नाही. इंजिन ही खासगी बाब आहे. असलं काही लेखी दिलं आणि मोटार क्लबात पोचलं तर? तिथे मी दर वर्षी सांगतो, यंदाच्या उन्हाळ्यात गर्टी रस्त्यावर. आणि यंदा ती येणारच आहे.

संकल्प: एक पेनी देणार नाही. गर्टीला बोट लावू देणार नाही.

बुधवार, ५ मार्च

लायब्ररीत चार तास. कायदा तोंडपाठ. बेलीफला पहिल्या खेपेला दार फोडता येत नाही. दार उघडं असलं किंवा आपण आत बोलावलं तरच पाय टाकता येतो. खिडकीतून तर त्याला साफ मनाई. म्हणजे लढाई जिंकल्यातच जमा.

संध्याकाळी दोन्ही दारांना आणि गॅरेजला कुलूप. यापुढे आमची ये-जा स्वयंपाकघराच्या खिडकीतून. डोरीनला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला, माझ्या खिशातून किल्ली काढली आणि पुढच्या दाराने बिंगो खेळायला निघून गेली.

गुरुवार, ६ मार्च

खिडकी अरुंद आहे. बांधणाऱ्याची चूक. शेजारच्या मिसेस ऑल्डरॉइडने मला मागून ढकलून आत घातलं. डॉक्टरांनी सांगितलंय का हे, असं विचारत होती. कायद्याने सांगितलंय, म्हणालो.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ८.१०

आला! नाव पिकर्सगिल. पन्नाशीचा, काळा कोट, हातात फाइल. वाटलं होतं आडदांड असेल. हा दारातल्या टपालाच्या फटीशी वाकून म्हणतो, गुड मॉर्निंग मिस्टर थ्रॉप, त्रास देतोय, माफ करा. म्हणजे डावपेच.

मी फटीतून मॅग्ना कार्टाचा उतारा वाचून दाखवला. सगळा. मध्ये तो, हं, बरोबर, असं म्हणत होता. संपल्यावर म्हणाला, आवाज चांगला आहे हो तुमचा. मग विचारलं की गाडीबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का, असेल तर साधा फॉर्म आहे, एका पानाचा. हा सापळा मी लगेच ओळखला. फट बंद केली.

८.४०. अजून बाहेरच आहे. मिसेस ऑल्डरॉइडने त्याला चहा दिला. बरोबर टोस्टेड टीकेक, मनुका घातलेला. लोणी लावून! मला या गल्लीत राहून अठ्ठावीस वर्षं झाली, मला कधी साधं बिस्किट विचारलं नाही.

शनिवार, ८ मार्च

पुन्हा आला. मॉरिस कुठल्या वर्षाची, असं विचारत होता. मी गप्प. वर्ष सांगायला जीभ नुसती वळवळत होती, पण गप्प राहिलो. मनाचा निग्रह केला की सगळं जमतं.

सोमवार, १० मार्च

नामी युक्ती! बेलीफला बायकोच्या मालकीची वस्तू नेता येत नाही. रीतसर दस्तऐवज लिहून काढला. घरातलं झाडून सगळं सामान आणि मोटारगाडी, इंजिनसह, डोरीनची. खाली पक्कं कलम: सिरिल थ्रॉप याचा त्यावर आज किंवा पुढे कधीही कसलाही हक्क राहणार नाही. वकिलालाही सुचलं नसतं. साक्षीदार मिसेस ऑल्डरॉइड आणि पोस्टमन.

डोरीनने चष्मा लावून दोनदा वाचलं. विचारलं, हे नक्की ना? फिरवता येणार नाही ना? म्हटलं, राजा आला तरी नाही. मग तिने तो कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. इतकी वर्षं माझ्या कामात तिने असा रस घेतलेला नव्हता. बरं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.

सकाळपासून धो धो पाऊस, वर बोचरा वारा. पिकर्सगिल फाटकाशी उभा. छत्री उलटली. मी पडद्याआडून पाहत होतो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. नेमकी त्याच वेळी आत किटली उकळली.

मग दार उघडं होतं आणि मी म्हणत होतो, अहो, तिथे काय भिजत उभे राहिलात, आत या, साखर किती?

ही शरणागती नव्हे. चहा तयार असताना माणसाला पावसात उभं करणं माझ्या आईला चाललं नसतं. कायदा लिहिणाऱ्यांनी या गोष्टीचा विचारच केलेला नाही.

त्याने बूट बाहेर काढले. साखर दोन चमचे. दुसरा कप संपल्यावर फार ओशाळून म्हणाला की आता आत आलोच आहे, तर मला यादी करावी लागेल. मी दस्तऐवज पुढे केला. तो वाचून म्हणाला, मसुदा झकास आहे, पण नोटीस आल्यानंतर केलेला असा कागद आमच्यापुढे चालत नाही. नवरा-बायकोत मात्र एकदम पक्का.

गाडी बघू का, म्हणाला. आता गर्टी बघायला मागितल्यावर कोण नाही म्हणेल? गॅरेज मीच उघडलं. त्याने बॉनेट उचललं.

मिस्टर थ्रॉप, यात इंजिन नाही.

तूर्तास बाहेर आहे, म्हणालो.

मग ही कॉकल्सबीला गेली कशी?

मी चादरीची घडी नीट करू लागलो. तो म्हणाला, भल्या माणसा, एवढी एक ओळ लिहायची होती. तेवढ्यात डोरीन दारातून म्हणाली, लिहिली की मी. शनिवारी. इंजिनचा फोटोही जोडला. चादर काढून.

चादर काढून! मला न विचारता! रात्री जेवलो नाही. पुडिंग तेवढं खाल्लं.

शनिवार, १५ मार्च

विजय! कौन्सिलचं पत्र: दंड रद्द, दिलगीर आहोत. अकरा पानांचा परिणाम व्हायला वेळ लागला, पण झाला. डोरीनच्या फोटोने थोडाफार हातभार लावला असेल.

उद्यापासून गर्टीचं काम सुरू. आधी गॅसकेट.

रविवार, १६ मार्च

गॅसकेट पुढच्या रविवारी. पाठ धरलीय. खिडकीमुळे.

रविवार, २३ मार्च

पिकर्सगिल आला. कोट नाही, फाइल नाही, अंगात स्वेटर. मागे ट्रक. मी फटीतून बजावलं की प्रकरण मिटलंय, चालता हो. तो म्हणाला, मिसेस थ्रॉपनी बोलावलंय.

डोरीनने गर्टी विकली. त्याला! म्हणे रस्त्यावर उभं राहून दोघांचं बोलणं झालं, त्याचे वडील मॉरिसचे मिस्त्री होते, त्याचा जीव बसलाय तिच्यावर. मी म्हणालो, विकणारी तू कोण? तिने पर्स उघडली आणि आज किंवा पुढे कधीही कसलाही, हे सगळं मला वाचून दाखवलं. सावकाश. माझ्याच अक्षरातलं.

म्हणालो, डोरीन, ती माझी गर्टी आहे गं. ती म्हणाली, सिरिल, सहा वर्षं मी बाजाराच्या पिशव्या पावसात उचलून आणतेय आणि गॅरेजमध्ये तुझी गाडी झोपलीय.

इंजिन ट्रकवर चढवायला एक माणूस कमी पडत होता. मी हात लावला.

शनिवार, २९ मार्च

सकाळी अकराला बाहेर हॉर्न. गर्टीचा. सहा वर्षांत विसरलो होतो तो आवाज.

सहा दिवसांत चालू केली त्याने. विचारलं, काय झालं होतं तिला? पिकर्सगिल माझ्याकडे न बघता म्हणाला, विशेष काही नाही, इंजिन चांगलंच होतं. थोडं तेल घातलं आणि परत बसवलं.

म्हणजे मी उगाच काढलं होतं.

डोरीन पुढे बसली. मी मागे. चाळीसचा वेग घेतला तेव्हा डोरीन एवढी हसली! कितीतरी वर्षांनी पाहिलं असं. मला एकाएकी भरून आलं. वारा लागला डोळ्यांना, असं मी सांगितलं. खिडक्या बंद होत्या.