मेळाव्यातलं स्थळ

आंबेनळी घाटाखालून, ता. पोलादपूर
१६ एप्रिल २०२५

ती. सारिकाआत्यास,
श्रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

आमचा फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून पत्र. बारावीची परीक्षा संपली आणि लगेच माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा मुंबईला नोकरीत, माणसं बरी. बाबांना अक्षय तृतीयेला शब्द द्यायचा आहे. मला नर्सिंगला जायचंय, हे मी धीर करून सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की जिथं ओळख नाय पाळख नाय, तिथं पोर ठेवायची कशी.

२७ तारखेच्या रविवारी महाडला कॉलेजांचा प्रवेश मेळावा आहे. आईबाबा येणार आणि शेजारची चंद्राबाईसुद्धा, स्थळ बघायला जातात तशी. मला आत्तापासून लाज वाटतेय. तिथं जाऊन करायचं काय, ते कळव. जमलं नाही, तर लग्न ठरलंच समज.

कळावे. लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त असू दे.
तुझी,
श्रुतिका


महाड
२१ एप्रिल

चि. श्रुतिकास,
अनेक आशीर्वाद.

मला रविवारी शाळेच्या प्रशिक्षणाला अलिबागला जावं लागतंय, नाहीतर तुझा हात धरून फिरवलं असतं. पिशवीभर माहितीपत्रकं गोळा करू नकोस, त्यांनी चूल तेवढी पेटते. घरी बसूनच तीन कॉलेजं ठरव आणि तिन्हीकडे तेच प्रश्न विचार. प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात शिकवतात, गेल्या वर्षी किती गुणांना प्रवेश मिळाला, वसतिगृह आहे का. टेबलावरच्या कोटातल्या माणसाचं ऐकून घे, पण विचार मागं उभ्या असलेल्या, तिथंच शिकणाऱ्या मुलींना. कुणी कितीही घाई केली तरी तिथल्या तिथं सही करायची नाही.

आणि तुझ्या बाबांची, माझ्या दादाची, लाज बाळगू नकोस. माझं स्थळ बघायला गेला तेव्हा ओटीवर चहाला न बसता हा आधी विहिरीवर गेला, दोर किती लांब लागतो ते बघायला. त्याला इतकंच सांग, की हेही स्थळच आहे, तसंच बघा. चंद्राबाईला मुद्दाम ने.

वहिनीस नमस्कार. काळजी करू नकोस, ती मी करते आहे.
तुझी आत्या,
सारिका


आंबेनळी घाटाखालून
३० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मेळाव्यात पहिल्या टेबलावरच्या कोटवाल्यानं त्यांच्याकडचं सगळंच उत्तम असल्याचं सांगितलं आणि आजच नाव नोंदवा म्हणाला. बाबा उठलेच. चंद्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, की ज्या घरात कायच खोट नाय, तिथं मोठी खोट असते. मी छताकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या टेबलामागं तिथंच शिकणारी अनुष्का नावाची मुलगी होती. माझे प्रश्न झाल्यावर बाबांनी सुरुवात केली. पाणी कधी येतं, भाकऱ्या कोण भाजतं, रात्री पोर आजारी पडली तर उठवायचं कुणाला. ती हसली नाही. आमटी पातळ असते, पहिला महिना सगळ्याच रडतात, असं तिनं सरळ सांगितलं. पण तिला ताप आला तेव्हा वसतिगृहाच्या बाई रात्रभर उशाशी बसल्या होत्या. तिचं गाव पाचाड. चंद्राबाईची बहीण तिथंच दिलेली, त्यामुळे चहा यायच्या आत अनुष्काची आजी ओळखीची निघाली. घरी येताना बाबा म्हणाले, की खोड आधी सांगतं ते घर खोटं नाय.

बारावीचा निकाल आणि प्रवेशाची यादी अजून लागायची आहे. म्हणून आणखी एक बरं कॉलेजही पाहून ठेवलंय.

आज अक्षय तृतीयेला त्या मुंबईच्या स्थळाचा फोन आला. मी चुलीपाशी कान देऊन उभी होते. बाबांनी सांगितलं, की पोर दिली, आता चार वर्षं मागू नका. कुणाकडे दिली, असं तिकडून विचारलं असावं, कारण बाबांनी अनुष्काच्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, की माणसं चांगली हायत.

आत्या, मला फार हलकं वाटतंय. आई मात्र आत्तापासूनच डोळे पुसतेय.

कळावे. लोभ असतोच, आता आशीर्वादही दे, दिल्या घरी सुखी राहण्याचा.
तुझी,
श्रुतिका