बोनेटवरचा हात

प्रिय भिंगरी,

गाडी मिळाली. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं तू शांतपणे वाचशील. पांढरी आहे, नऊ वर्षांची आहे, तू ठरवलेल्या पैशांत बसली आणि आत्ता गॅरेजच्या मागच्या अंगणात तुझ्या मामीच्या जुन्या चादरीखाली उभी आहे. एक तारखेला तुला तिकडे डोंगरात नोकरीवर हजर व्हायचंय, त्याच्या चार दिवस आधी, रविवारी, येऊन घेऊन जा. तू म्हणशील, जन्मात पावतीवर 'ऑइल बदलले' याच्यापलीकडे काही न लिहिलेला माणूस पत्र काय लिहीत बसलाय, सरळ फोन का उचलत नाही? तुझे फोन सगळे दिसले मला. 'मामा, अजून रागावलायस का? तसं असेल तर गाडी राहू दे, मी बघते माझं' हा निरोपही वाचला, दहादा वाचला. त्याचं उत्तर याच पत्रात आहे. पण आधी गाडीचं सांगू दे, मला तेवढंच नीट सांगता येतं.

दोन महिने मी उगीच लावले नाहीत गं. तू गुरांची डॉक्टर, कुणाची गाय अडली म्हणून निरोप आला की निघणार. त्या रस्त्याला तासतासभर माणूस दिसत नाही आणि फोनला रेंज नसते, हे तूच सांगितलंस. तिथे गाडी रुसली तर गाय जाईल ती जाईलच, पण माझी पोरगी एकटी वळणावर उभी राहील, ते मला नको होतं. म्हणून नुसती स्वस्त नको, शब्दाला जागणारी हवी होती. पहिली पाहिली ती एका फर्निचरवाल्याची. मीटरवर जेमतेम तीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजून पार गुळगुळीत. मीटर मागे फिरवता येतो, पण पेडलला कोण समजावणार? दुसरीत अत्तराचा असा घमघमाट की मामी खूश झाली. मी पायाखालचं मॅटिंग उचललं तर सीटच्या पट्ट्या गंजलेल्या आणि कोपऱ्यात वाळका गाळ. पुराच्या पाण्यात बुडून आलेली बाई नटवून उभी केली होती. तिसरीचा मालक आमची वाट बघत इंजिन चालू ठेवूनच थांबला होता. मी बोनेटवर हात ठेवला, तर तापलेला तवा! थंड इंजिन सकाळी कसं कुरकुरतं ते त्याला दाखवायचं नव्हतं. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. चहा मात्र चांगला होता.

आणि मग ती लाल गाडी. तिचं सांगायला मला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. तुला आठवतं ना, शाळा सुटली की तू गॅरेजमध्ये यायचीस, ताई कामावरून येईपर्यंत ऑइलच्या डब्यावर बसून पाय हलवत राहायचीस? मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची लाकडी मूठ कानाला लावायचो, मग तुझ्या कानाला लावायचो, आणि आत काय दुखतंय ते तू ओळखायचीस. अर्ध्या वेळा बरोबर यायचं. गावभर मला कानसेन म्हणतात, त्याचा तुला माझ्यापेक्षा जास्त ताठा होता. तर तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन मी त्या लाल गाडीपाशी गेलो, मूठ कानाला लावली, आणि इतकं शांत इंजिन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. म्हटलं, भिंगरीने नशीब काढलं! मालकाच्या हातात हात दिला आणि एक चक्कर मारून येतो म्हणून मामीला शेजारी बसवून निघालो. चौकसुद्धा ओलांडला नव्हता, तर मामी मला हलवून विचारायला लागली की हे काय वाजतंय. मी खेकसलो तिच्यावर. चाळीस वर्षं माझी या धंद्यात गेली आणि तू मला शिकवणार? असं बरंच काही. तिने माझा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला, त्यावर आपला ठेवून दाबून धरला. आत बेअरिंग ठोकत होतं भिंगरी, दारावर कुणी मूठ आपटावी तसं. अशी गाडी पहिल्याच चढावर इंजिन जाम करून बसते. मी ती तुझ्या हातात दिली असती, पेढा दिल्यासारखी. गाडी बाजूला घेतली, मागे वळवली आणि मालकाच्या हातात किल्ली परत दिली.

त्या दिवसापासून गाडी तुझी मामीच बघते, आणि बघते कसली, ऐकते. जिने आयुष्यभर माझ्या कपड्यांच्या ग्रीसला शिव्या घातल्या, ती आता पदर खोचून बोनेटखाली वाकते आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावते. लोक हसतात, हसू देत. तिच्याकडे धंद्यातले शब्द नाहीत, म्हणून ती स्वयंपाकघरातले वापरते. मिक्सरमध्ये चमचा राहिलाय म्हणाली तर समजायचं इंजिनातली चेन सैल झाली. कुकरची रिंग खराब झाल्यासारखं फुसफुसतंय म्हणाली तर सायलेन्सरला भोक. एका गाडीपाशी तिने नुसतं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ही सासूसारखी आतल्या आत पुटपुटतेय. बघितलं तर खरंच व्हॉल्व्ह सैल होते! मोठ्यांदा बोलते माझ्याशी हल्ली, तोंडासमोर येऊन, हातवारे करून. शेजाऱ्यांना वाटतं आमची रोज भांडणं होतात.

ही पांढरी एका निवृत्त शिक्षिकेची. पलीकडच्या रस्त्याच्या टोकाला एकट्या राहतात. आम्ही सकाळी लवकर गेलो, बोनेट गार होतं, आणि पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मामीने मूठ कानाला लावली, बराच वेळ लावली, आणि म्हणाली, मंद आचेवर दूध ठेवलंय. मी हात ठेवून पाहिला. खरंच तसंच. दारांच्या रबराखाली रंग एकच, म्हणजे कुठे आपटून रंगवलेली नाही. टायर चारही सारखे झिजलेले. खाली झोपून बघितलं, एक थेंब ऑइल नाही. एवढी नीट ठेवलेली गाडी विकताय कशाला, असं मी विचारलं. त्या हसून म्हणाल्या की डोळे गेले हो, परवा फाटकाचा खांब अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही, उद्या कुणाचं पोर दिसायचं नाही. इतकं सहज! जणू घरातली साखर संपली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. किल्ली देताना त्यांनी पदराने स्टिअरिंग एकदा पुसलं आणि कुणासाठी घेताय ते विचारलं. मामीने तुझं सगळं सांगितलं, गाईंपासून डोंगरापर्यंत, आणि तू लहानपणी डब्यावरून पडलीस तेही. तेव्हा त्यांनी पार्किंगचे शंभर नियम मामीच्या गळी उतरवले, ते ती तुला ऐकवेलच.

गाडीला दोष आहेत, झाकून ठेवत नाही. डावी काच अर्ध्यात अडकते, हाताने वर ओढायची. थंडीत दुसरा गिअर जरा मानपान मागतो, दांडगाई करू नकोस, क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांब. क्लचप्लेट, बेल्ट आणि ब्रेकचे पॅड मी नवे घातलेत. स्टेपनीत हवा भरलीय, पण महिन्याला बघत जा. आणि कुणीही मेकॅनिक आवाज न ऐकता काही बदलायला सांगेल तर कानाला खडा, तिथून निघायचं.

आता तुझं उत्तर. हो, तू नोकरीचं सांगितलंस तेव्हा मी वाईट बोललो होतो. इथली गुरं काय मेलीत, असं म्हणालो होतो. ते माझं चुकलं, तू लांब जाणार हे सहन झालं नाही आणि तोंडातून भलतंच निघालं. पण दुसऱ्या दिवशी तू निरोप घ्यायला गॅरेजच्या दारात आलीस, तीनदा मामा म्हणून हाक मारलीस आणि मी इंजिनातून मान वर केली नाही म्हणून रडत परत गेलीस, हे मला परवा ताईकडून कळलं. भिंगरी, मला ऐकूच आलं नाही गं. एकदाही नाही. वर्षभर कान जात होते. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं हातोडे आणि इंजिनं ऐकली, त्याची ही पावती, गेलेलं परत येणार नाही. मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून बसलो, गिऱ्हाईक जाईल म्हणून भ्यालो, आणि फोनवर तुझ्या बोलण्याची नुसती फुरफुर ऐकू यायची, म्हणून उचललाच नाही. त्या बाई डोळ्यांचं सांगून मोकळ्या झाल्या, कुणाच्या तरी पोराला लागू नये म्हणून. मी मात्र गप्प राहिलो आणि माझ्याच पोरीला लागलं. म्हणून हे पत्र. माझा राग नव्हता, नाही आणि कधी असणार नाही. रविवारी ये. येताना तुझा तो गुरांचा स्टेथोस्कोप आण, इंजिनला लाव आणि कागदावर लिहून मला सांग ती काय म्हणते ते, मामीचं दूध तापतंय यावर मी तुला डोंगरात सोडणार नाही. दारातून हाक मारू नकोस. लहानपणी मागून येऊन भॉक करायचीस, तेही करू नकोस, मी दचकणार नाही आणि तुला पुन्हा वाईट वाटेल. सरळ आत ये आणि खांद्यावर हात ठेव. तुझा हात मला कळेल.

तुझाच,
मामा