शॉर्टस्टॉप आणि कढत पाणी

१२ एप्रिल, मंगळवार

मला राइट फील्डला टाकलं!

मला. पहाटे साडेपाचला, नदीकाठच्या मैदानावर, बूट दवानं भिजलेले, डोळ्यांवरची झोप नीट उतरलेली नाही — आणि निशिगाकी खिशातून चिटोरं काढून वाचतो, "राइट फील्ड, काजितानी." मला वाटलं, ह्याच्या चष्म्याची काच धुरकटलीय. मी म्हणालो, "परत वाच." त्यानं परत वाचलं. तेच.

निशिगाकी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी तांदळाचं दुकान असलेला, आमच्या बाजारगल्लीच्या बेसबॉल संघाचा कॅप्टन, माझ्या शाळेतला सोबती. शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवून पास झालेला माणूस. राइट फील्ड म्हणजे पार उजवीकडे, कुंपणालगत. आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा — माझी. माझ्या लग्नाच्या आधीपासून माझी. सुमिए घरात नंतर आली.

आता तिथे कोण? ओगिनो औषधवाल्याचा घरजावई! मासाहिको नाव. सासऱ्याचं आडनाव लावून अजून एक हिवाळा धड गेला नाही, आणि आमच्या गल्लीच्या काळजाच्या जागी उभा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

निशिगाकी जमिनीकडे बघत म्हणाला, "काजि, तूच तर दर वर्षी म्हणतोस."

म्हणतो खरा. नव्या वर्षाच्या जेवणाला प्रत्येकानं साकेचा पेला उंच करून म्हणायचं असतं, 'संघ म्हणेल तिथे उभा राहीन.' मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणतो. अहो, पण ते म्हणायचं असतं! हामाजी मासेवालाही म्हणतो. त्याला फर्स्ट बेसवरून हलवून दाखवा बरं. कोयता घेऊन येईल.

१३ एप्रिल, बुधवार

घरजावई आमच्या सार्वजनिक न्हाणीघरात आला. कमरेत वाकून म्हणाला, "काका, मी कुठेही खेळायला तयार होतो. मी तर कॅप्टनना राइट फील्डच मागितलं होतं." वर पाठीला लावायच्या पट्ट्यांचा डबा भेट दिला. थंडगार, कापराच्या वासाच्या.

म्हणजे मी म्हातारा. सरळ सांग ना! डबा ठेवून घेतला. पट्टी चांगली आहे, हे मान्य करावं लागेल.

१५ एप्रिल, शुक्रवार

आज एक छोटंसं काम केलं.

आमच्या न्हाणीघराची भट्टी माझ्या बापानं बांधली, आणि हौदाचं पाणी किती तापवायचं हे फक्त मला ठाऊक. एरवी बेचाळीस अंश. आज संध्याकाळी संघाची मंडळी आत शिरताना पाहिली आणि मागे जाऊन पाडलेल्या जुन्या घराचे दोन जाड वासे भट्टीत सारले. मग येऊन गल्ल्याच्या उंच बैठकीवर शांत बसलो. बैठकीवरून पुरुषांची बाजूही दिसते नि बायकांचीही, पण आज मला फक्त निशिगाकीत रस होता.

पाय घातला. काढला. इकडेतिकडे बघितलं. परत घातला. हळूहळू गळ्यापर्यंत बसला आणि उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल झाला.

"पाणी कसंय?" मी वरून विचारलं.

"छान आहे," निशिगाकी म्हणाला. आवाज बारीक.

घरजावई बिचारा सगळ्यांत शेवटपर्यंत बसला. वडीलधारे उठल्याशिवाय उठायचं कसं? आणि वडीलधारे एकमेकांच्या आधी उठायला तयार नाहीत. मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता.

१९ एप्रिल, मंगळवार

राइट फील्ड. काय सांगू! तिकडे चेंडू येतच नाही. कुंपणापलीकडे एकजण गळ टाकून बसला होता, त्याच्याशी गप्पा मारल्या. त्याला दोन मासे मिळाले, मला एकही चेंडू नाही.

शेवटी एक आला. नेमका मी जांभई देत होतो. डोक्यावरून गेला. निशिगाकी लांबून ओरडला, "हरकत नाही, हरकत नाही!" हे 'हरकत नाही' ऐकायला मी पहाटे उठतो काय?

संध्याकाळी तीन वासे घातले. शिवाय आंघोळीनंतर कॉफी-दुधाच्या बाटल्या मागितल्या तेव्हा म्हणालो, संपल्या. पेटी माझ्या पायांखाली होती.

२३ एप्रिल, शनिवार

नवी युक्ती. घरजावयाला बाजूला घेऊन अगदी मायेनं सल्ले दिले. "चेंडू येताना डावा पाय मागे घे." "फेकण्याआधी एक क्षण थांब, श्वास घे." सगळे उलटे. म्हटलं, पोरगं गोंधळून जाईल, दोन सामन्यांत निशिगाकी माझ्या पाया पडत येईल.

२६ एप्रिल, मंगळवार

घरजावयानं आज चार चेंडू अडवले. डावा पाय मागे घेऊन. एक क्षण थांबून. सगळ्यांसमोर मला वाकून म्हणाला, "काकांनी शिकवलं." टाळ्या वाजल्या. मलाही वाजवाव्या लागल्या.

दात इतके आवळले की जबडा दुखतोय. इतकी वर्षं मीच चुकीचं खेळत होतो की काय, असाही विचार मनात येऊन गेला. घालवला.

३० एप्रिल, शनिवार

सुमिएनं पकडलं. भट्टीपाशी उभी राहून म्हणाली, "अहो, लाकूड इतकं कसं संपतंय?"

"वसंतातही गारठा असतो."

"निशिगाकी भाऊजींच्या पाठीचं सालपट निघालंय. वागायची ही रीत झाली?"

"मग येऊ नको म्हणावं."

ती झाडू घेऊन बायकांच्या बाजूला गेली. तिकडे झाडायलाही काही नसतं हल्ली, चार म्हाताऱ्या येतात तेवढ्याच. मी म्हणतो, बायकांना आता आंघोळीचाही आळस. निशिगाकीची बायको तर कित्येक वर्षांत आली नाही. पण पुरुष बघा! पाऊस असो, वारा असो, संघातला प्रत्येक माणूस रोज हजर. गेल्या दोन-तीन वर्षांत पलीकडच्या गल्ल्यांतली न्हाणीघरं बंद पडली, धुराडी पाडली. आमचं उभं आहे. शेवटी पाण्यात दम लागतो. काहीही केलं तरी गिऱ्हाईक हलत नाही ते उगाच?

६ मे, शुक्रवार

आज गंमत झाली. कुसाका आंघोळीला आला! स्टेशनाकडच्या बाजाराच्या संघाचा कॅप्टन, आमचा वैरी नंबर एक. स्वतःचा साबण घेऊन, दोन स्टेशनं ओलांडून. उशिरा, आमची माणसं गेल्यावर. मी पाणी बेचाळीसवर आणून ठेवलं होतं, पाहुणा आहे म्हणून.

अंग पुसता पुसता म्हणाला, "काजितानी-सान, तुम्हाला राइट फील्डला उभं केलेलं पाहिलं. गिधाडाला चिमणीच्या पिंजऱ्यात ठेवल्यासारखं वाटलं."

मला 'गिधाड' तेवढं आवडलं नाही. पण बाकी बोलणं गोड.

"आमच्याकडे या. शॉर्टस्टॉप तुमचा. उन्हाळी स्पर्धेची नावं महिनाअखेरीस द्यायची आहेत. तोवर सांगा." 

त्याला कॉफी-दूध फुकट पाजलं.

७ मे, शनिवार

दिवसभर गल्ल्यावर बसून उजवा हात आपोआप हलतोय. चेंडू उचलायचा, वळायचं, फेकायचं. एका म्हातारबांना सुट्टे पैसे देताना फर्स्ट बेसवर फेकणार होतो.

खरं सांगू? — इथे तरी खरं लिहावं. मला शॉर्टस्टॉप हवाय. एक्कावन्नाव्या वर्षी मी चांगला नवरा नाही, बरा बाप होतो, न्हाणीघर बापाचं. माझं म्हणावं असं तेवढंच एक आहे. चेंडू जमिनीला चाटत डावीकडे जातो, सगळे श्वास रोखतात, आणि तिथे मी असतो.

१४ मे, शनिवार

स्टेशनवाल्यांचा सराव पाहायला गेलो. लपून, टोपी नाकापर्यंत ओढून. कुसाकानं तरी हाक मारलीच, "या या!"

त्यांचा शॉर्टस्टॉप माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. छत्र्या दुरुस्त करतो. गुडघ्याला पट्टी. माझ्यासमोर येऊन हातमोजा काढून वाकला आणि म्हणाला, "संघासाठी मी कुठेही उभा राहीन. जागा सांभाळा."

ओठ हसत होते, डोळे नाहीत. हा चेहरा मी रोज दाढी करताना बघतो.

वाईट वाटलं. पण थोडंच. आगगाडीत बसेपर्यंत.

१७ मे, मंगळवार

सामना हरलो. घरजावयाच्या हातून एक सुटला! मी राइट फील्डवरून "हरकत नाही!" ओरडलो. मनापासून. इतकं मनापासून की निशिगाकीनं वळून बघितलं.

संध्याकाळी त्याला विचारलं, "मग? पुढच्या मंगळवारी कोण?"

हौदात गळ्यापर्यंत लाल होऊन बसला होता. म्हणाला, "घरजावईच. काजि, तुझा गुडघा गेलाय. तू उठताना हात टेकतोस. मला बघवत नाही."

"तुला कोणी सांगितलं बघायला?"

"कॅप्टन आहे मी."

मी मागे गेलो आणि होते नव्हते तेवढे वासे घातले.

२३ मे, सोमवार

सुमिएला सांगितलं, मी स्टेशनवाल्यांकडे जातोय.

तिनं हातातले टॉवेल घडी करून संपवले, मग म्हणाली, "आणि संध्याकाळी या लोकांसमोर बैठकीवर बसाल कसे?"

"पैसे घ्यायला तोंड दाखवावं लागत नाही. हात पुढे केला की झालं."

"आणि ते यायचेच बंद झाले तर?"

मला हसू आलं. "जातील कुठे? दुकानावरच्या दीड खोलीत न्हाणी कुठून आणतील? मी पाणी उकळवलं तरी माझ्याकडेच यावं लागेल त्यांना."

सुमिएनं टॉवेलांची चळत फळीवर ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही कधी कोणाच्या घरात वर गेलाय का हो?"

काय संबंध! बायकांचं बोलणं कुठून निघतं आणि कुठे जातं.

२८ मे, शनिवार

कुसाकाला फोन केला. येतो म्हणालो. परवा निशिगाकीला तोंडावर सांगणार. पाठीत सुरा खुपसणाऱ्यांतला मी नाही. समोरून खुपसेन.

काय बोलायचं ते पाठ करतोय. 'माणूस जागेला निष्ठावान असतो, संघाला नाही.' हे वाक्य फार छान झालंय. दाढी करताना तीनदा म्हटलं. सुमिए बाहेरून म्हणाली, "बरं नाहीये का तुम्हाला?"

३० मे, सोमवार

निशिगाकीकडे गेलो. तो तांदूळ पोचवायला गेला होता. त्याची बायको म्हणाली, "वर या ना भाऊजी, येतीलच एवढ्यात." पहिल्यांदाच वर गेलो. इतक्या वर्षांत सगळं बोलणं दुकानात नाहीतर हौदात.

हात धुवायचे होते. तिनं मागचं दार दाखवलं. उघडलं तर — पांढऱ्या फरशा, गॅसवर तापणारा टब, वाफ. तिचं घमेलं, मुलींची दोन घमेली. निशिगाकीचं नाही.

"आठ वर्षं झाली बसवून," ती चहा ओतत म्हणाली. "यांनी एकदा पाय घातला नाही. हामाजींकडेही आहे, ओगिनोंकडेही, सगळ्यांकडेच आहे आता. पण संघानं ठरवलंय ना, पुरुषांनी आंघोळ तुमच्याकडेच करायची म्हणून. नाहीतर न्हाणीघर कसं चालणार? हल्ली तुमचं पाणी फार कढत असतं बाई. भाजून येतात. ओगिनोंचा जावई मलम देतो सगळ्यांना, मी रात्री पाठीला चोळते." मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं."

निशिगाकी जिना चढून वर आला. मला तिथे बसलेला पाहिला आणि विचारलं, "काय रे काजि, काही काम होतं?"

म्हणालो, "उद्याचं विचारायला आलो. राइट फील्डला कितीला यायचं?"

"साडेपाच. नेहमीसारखं."

घरी येऊन आधी भट्टीतले वासे ओढून काढले. हात भाजला. मलम मागायला अजून तोंड होत नाही.