बारशाची बिअर आणि पोलादी पिंप

व्होस, ४ सप्टेंबर

चि. श्यूर यास अ. उ. आ.

फोनवर तू मधे मधे बोलतोस, म्हणून पत्रानेच उत्तर देते. लेकीच्या बारशाची बिअर तू स्वतः गाळणार, तीही डब्यातल्या अर्कापासून नव्हे, अख्ख्या सातूपासून, हे वाचून आनंद झाला. पुढे सामानाचं वर्णन आलं आणि तो ओसरला.

विजेवर चालणारं पोलादी पिंप, त्याच्या पोटात पंप, आणि वर फोनवरून हुकूम! म्हणजे तू बर्गेनच्या ट्राममध्ये बसून सातू शिजवणार. मग बारशाचं आमंत्रण त्या पिंपालाच दे, तू नाही आलास तरी चालेल. शिवाय त्यात मावणार किती? व्होसची माणसं येणार आहेत. तेवढ्यात त्यांचे ओठही ओले व्हायचे नाहीत. तुझ्या आजोबांचा तांब्याचा हंडा इथे कोठारात आहे, लाकडी टप आहे, आणि टपाच्या तळाला गाळणी म्हणून अंथरायच्या जुनिपरच्या सुवासिक फांद्या कुंपणाशी फुकट वाढताहेत. फुकट वस्तूबरोबर सूचनापुस्तिका येत नाही, एवढाच तिचा दोष.

माझा खांदा गेल्यापासून हंडा उचलवत नाही, म्हणून गाळणं बंद. तेव्हा घराण्याची अब्रू आता तुझ्या हाती. बारशाची बिअर बिघडली तर गाव लेकीचं नाव विसरेल, बिअर विसरणार नाही. शेजारचा ओडलाइव तर टपूनच बसलाय. स्वतः दर नाताळात भांडी विसळलेलं पाणी पाजतो (हे मी गावभर सांगत आलेय), पण दुसऱ्याच्या वाडग्यात नाक खुपसायला पहिला.

सोबत आजोबांचं लाकडी कडं पाठवते आहे. पुडीतलं यीस्ट घालू नकोस. आपल्या घरी हे कडं बुडवतात. एवढं एकच उरलंय.

माया गृहीत धर, अक्कल मात्र मागून घे.

तुझी आत्या
हेर्बोर्ग


बर्गेन, २० सप्टेंबर

ती. हेर्बोर्गआत्यास शि. सा. न. वि. वि.

पिंप घेतलं. तुझा हंडा चौथ्या मजल्यावर आणायचा तर खिडकी काढावी लागेल, असं तिरिल म्हणाली. बाळंतपणानंतरचा तिचा हा पहिलाच विनोद, म्हणून मी वाद घातला नाही.

परवा सरावासाठी गाळून पाहिलं. पिंप भलतंच आज्ञाधारक आहे. तुझ्या भाच्यापेक्षा तर नक्कीच. सातूचं पाणी असं गोड उतरलं की तिरिल साखरेऐवजी कॉफीत घालून प्यायली. पुस्तिकेची पहिली आज्ञा स्वच्छतेची, त्यामुळे नळी, पळी, सगळं उकळून घेतलं. तुझं कडंही. आणि बरंच झालं, आत्या! त्याच्या खाचांत कसला तपकिरी गाळ साचला होता. ब्रशने घासून काढला. आता अगदी नवं दिसतं.

मग ते त्या गोड पाण्यात, कोमट झाल्यावर, सोडलं आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे पिंपात तोंड घालून सणसणीत बोंब मारली, म्हणजे बिअर फसफसून उठते. वरच्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या उठून आल्या. बाळ ठीक आहे ना, म्हणून विचारलं. तिरिल म्हणाली, बाळ ठीक आहे, बाप तपासून घ्यायचाय.

बिअर मात्र गप्प आहे. एक बुडबुडा नाही. कडं तरंगायला हवं होतं की बुडायला?

रागावलीस तर पत्रातूनच रागाव. आवाज कमी येतो.

तुझा, अजून तरी लाडका,
श्यूर


व्होस, २४ सप्टेंबर

श्यूर,

आशीर्वाद या खेपेस राखून ठेवले आहेत.

तो गाळ म्हणजे विरजण होतं. आजोबांच्याही आजोबांपासून चालत आलेलं. बिअरच्या तळाच्या साक्यात कडं बुडवायचं, वाळवून टांगायचं, आणि पुढची बिअर त्याच्यावरच उठवायची. तू ते उकळलंस, घासलंस, आणि मग मढ्याच्या कानात बोंब मारलीस!  तुझ्या बापाने बोंब शिकवली, विरजण शिकवायचं राहिलं. आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आवाजच तेवढा पुढे जातो.

मी पिंपावर पानभर लिहिलं आणि कड्यावर दोन ओळी, असं तू म्हणशील. म्हणू नकोस.

आता ऐक. विरजण मेलं तर जिथे कधी दिलं असेल तिथून मागून आणायचं, ही आपली रीत. बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ते एकाच घरी दिलं होतं. हो, त्याच घरी. मी गेले. ओडलाइवने बसवलं, वाडगा काठोकाठ भरून पुढे ठेवला आणि म्हणाला, विरजण मिळेल, पण आधी हे संपव आणि कसं लागतं ते सांग. इतकी वर्षं त्याच्याकडे नुसते ओठ लावून मी वाडगा पुढे सरकवत आले. न पिता मत देणं फार सोपं. या वेळी प्यायले. श्यूर, बाबांची बिअर होती ती. जुनिपर किंचित कमी, पण तीच.

तोंडाने म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, विसळलेल्या भांड्यांना कळवतो.

बरणी आणली आहे. पुढच्या शनिवारी ये, इथेच गाळू. येताना ते पिंप आण. कशाला, विचारू नकोस.

हेर्बोर्ग


बर्गेन, ३० सप्टेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

येतो. पिंपाला गाडीत पट्टा बांधून बसवलंय. लेकीच्या आधी, असं तिरिलचं म्हणणं. ते कशाला हवं, हे विचारत नाही. खांदा कसा आहे, एवढंच विचारतो.

ब्रश घरी ठेवून येतोय.

श्यूर


व्होस, १० ऑक्टोबर

चि. श्यूर यास अ. उ. आ., मागचे राखून ठेवलेले धरून.

तुझ्या पंपाने टपातलं पाणी हंड्यात चढवलं आणि मला एकही बादली उचलावी लागली नाही, याची वाच्यता गावात करू नये. पंप परत मिळणार नाही. कडं साक्यात बुडवून टांगलंय. या खेपेला दोन केली. दुसरं ओडलाइवच्या घरी ठेवलं, म्हणजे ते तुझ्यापासून दूर राहील.

तू गेल्यावर बिअर उपसली आणि रीतीप्रमाणे शेजारी चाखायला जमले. ओडलाइव अर्थातच आधी. त्याने वाडगा उजेडाकडे धरला, नाक खुपसलं, घोट घेतला आणि डोळे मिटून उभा राहिला.  

मग त्याने अख्ख्या गावादेखत खणखणीत जाहीर केलं, की भांडी विसळलेलं पाणी आहे. आणि वाडगा रिकामा करून पुन्हा माझ्यापुढे धरला.

बारशाला वाडगे कमी पडतील, येताना घेऊन ये. लोभ इथे पुरेसा आहे.

तुझी आत्या
हेर्बोर्ग