चुकीच्या दिवसांची सुट्टी

७ मार्च १९५६
आमटीचा डाव भिंतीवर फेकला. नेम भिंतीवरच होता — मध्ये मामंजींचं धोतर आलं, त्याला मी काय करू? ते नुसतं म्हणाले होते, "मीठ कमी आहे." पण पाळी जवळ आली की छाती दगडासारखी होते, डोकं ठणकतं, माणसं नकोशी होतात. मग त्याच आमटीपायी तासभर रडले. हे हळूच म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय का?" मामंजींनी निकाल दिला — पुन्हा असं झालं तर शिरढोणला माहेरी धाडायची. परत आणायची की नाही ते मागाहून बघू.

भीती वाटते. दर महिन्याला होणारच हे.

९ मार्च
कावळा शिवला. पोटात कळा, मांड्या भरून आल्यात, पण डोकं कसं लख्ख! मागच्या पडवीत घोंगडीवर पडून आहे. आधीच्या दिवसांचं ते भूत अंगात असतं तेव्हा चुलीपुढे, उतरलं की सुट्टी. हा नियम करणाऱ्याला पाळी येत नसणार, एवढं नक्की.

२१ मार्च
सासूबाई बाहेर बसल्या. अख्ख्या पनवेलचं पाणी मीच ओढलं असं वाटतंय.

२३ मार्च
गोठ्यामागं मी माझी फडकी वाळत घालते. सासूबाईंचं एकही नसतं. आज विचारलंच. आधी डोळे वटारले. मग म्हणाल्या, "बंद होऊन वर्ष झालं. अंगाची लाही होते, झोप नाही. त्याची कुणी सुट्टी देतं का? मग घेते मीच."

"आणि देवाला कळलं तर?"

"देवानं कधी भाकऱ्या थापल्यात?"

बाई जबरी आहे. कुणाला सांगायचं नाही.

३ एप्रिल
भूत आलं. ह्यांना सगळ्यांदेखत "चूप बसा" म्हटलं. मामंजींनी उद्याचा टांगा सांगितला. ट्रंक भरली. ह्यांनी तिला दोरी बांधून दिली. त्याचंच जास्त लागलं.

४ एप्रिल
टांगा दारात. मी पायरीवर. आतून सासूबाई गरजल्या, "शिवू नका तिला. सकाळीच बसली आहे. अशी कुठं पाठवता?" धादांत खोटं. टांगा रिकामा गेला. जवळून जाताना पुटपुटल्या, "आता दर महिन्याला आधीच बसत जा." मला रडू आलं — भुताचं नव्हतं ते.

मामंजींनी विचारलं, "मग स्वयंपाक?" सासूबाईंनी आपली घोंगडी आणून माझ्या शेजारी टाकली. म्हणाल्या, "मलाही आत्ताच." पंधरवड्यात दुसऱ्यांदा. कोण मोजतंय!

आत मामंजी चूल फुंकताहेत.